टेबल कुठे थांबायचे?

हाताने चालवायच्या मिलिंग मशीनवर टेबल शेवटाला आले की कारागिराला ते चाकावरच्या तळव्यात कळत असे. 1952 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने सिनसिनाटी कंपनीचे हायड्रोटेल मशीन छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालवून दाखवले. जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेतून, हवाई दलाच्या पैशावर उभे राहिलेले हे काम थोर होते. पण चाकावरचा तो हात आता उरला नव्हता. मोटरला शेवट जाणवत नाही, ती रेटतच राहते.

म्हणून टोकाला लिमिट स्विच आले. टेबलावरचा ठोकळा स्विच दाबतो आणि गती तुटते. यातली सर्वांत शहाणी गोष्ट म्हणजे स्विचचा संपर्क नेहमी जोडलेला ठेवतात. त्यामुळे वायर तुटली तरी मशीन थांबते.

पुढे संगणक आला आणि सीमा आकड्यांत लिहिता आली. मात्र जागा मोजणाऱ्या साध्या एन्कोडरचे मशीन वीज गेली की आपली जागा विसरते. होम घेईपर्यंत, म्हणजे ठरलेल्या मूळ जागेवर जाऊन मोजणी नव्याने सुरू करेपर्यंत, त्या आकड्यांना अर्थ नसतो. म्हणून खरे स्विच गेले नाहीत. वीज गेली तरी जागा लक्षात ठेवणाऱ्या अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरमुळे होमची कटकट कमी झाली.

टेबल सीमेपलीकडे जाऊन स्विच दाबला गेला, म्हणजे ओव्हरट्रॅव्हलचा अलार्म आला, की अनेक मशीनवर रिलीज बटण दाबून धरत टेबल हळूच उलट दिशेला काढावे लागते. त्या क्षणी स्विच निष्प्रभ असतो. दिशा चुकली तर टेबल टोकाच्या पक्क्या थांब्यावर आदळते आणि टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूवर किंवा त्याच्या बेअरिंगवर घाव बसतो. नव्या ऑपरेटरला सर्वांत आधी हेच शिकवायला हवे.