सर्पगंधा, ससे आणि कंपवात

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो हें सप्रमाण मांडलें, तेव्हां हीच मुळी कंपवाताच्या संशोधनास उपयोगी पडेल अशी कल्पना कोणास असणें शक्य नव्हतें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतून रेसर्पीन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. तें मोठ्या मात्रेनें घेणाऱ्या कांहीं रोग्यांचे हात कांपूं लागले, अंग ताठूं लागलें, चाल मंदावली. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं वर्णिलेल्या व्याधीचींच हीं लक्षणें! औषधानें रोगाचें सोंग आणलें होतें. आणि रोग्यास जाचणारें तें सोंग संशोधकांस मात्र हवेंच होतें.

स्वीडनमध्यें आर्विद कार्लसन व त्यांचे सहकारी यांनीं सशांस रेसर्पीन टोंचलें. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांस डोपा नांवाचें द्रव्य टोंचतांच थोड्याच वेळांत ते कान टवकारून हिंडूं लागले. हा प्रयोग १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. डोपापासून शरीरांत डोपामीन तयार होतें. तोंवर डोपामीन म्हणजे नॉरॲड्रेनलीनकडे जाणाऱ्या वाटेवरील एक थांबा, एवढीच त्याची किंमत समजली जाई. पुढच्याच वर्षीं तें मेंदूंत स्वतंत्रपणें आढळतें असें कार्लसन यांनीं दाखविलें. १९६० सालीं लंडन येथें भरलेल्या परिषदेंत मोठमोठ्या तज्ज्ञांनीं त्यांच्या म्हणण्यावर अविश्वासच दाखविला. पण त्याच वर्षीं व्हिएन्नांत एरिंगर व होर्निकिएविक्झ यांनीं मृत रोग्यांचे मेंदू तपासले, तों त्यांत डोपामीन अत्यल्प आढळलें. १९६१ सालीं अंथरुणास खिळलेल्या रोग्यांस डोपा टोंचण्यांत आलें, आणि ते कांहीं तासांपुरते उठून चालूं लागले. सशांची साक्ष खरी ठरली. कार्लसन यांस २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

तरी ती साक्ष अर्धीच होती. रेसर्पीनमुळें सशाच्या मेंदूंतील डोपामीनचा सांठा रिता होतो, तो बनविणाऱ्या पेशी जिवंतच राहतात. माणसांत त्या पेशीच मरतात. तशा मरणाचा नमुना हातीं लागला तो कॅलिफोर्नियांत, एका दुर्घटनेंतून. तेथें चोरट्या बाजारांतील कृत्रिम हेरॉईन टोंचून घेणारे कांहीं तरुण कंपवाताच्या रोग्यांप्रमाणें एकाएकीं ताठले. डॉ. विल्यम लँगस्टन यांनीं त्याचा माग काढला, तेव्हां एम्‌पीटीपी हें भेसळीचें विष सांपडलें. पुढें १९८३ सालीं तेंच विष देतांच माकडांच्या मेंदूंतील त्याच पेशी मेल्या व हालचाली तशाच गोठल्या. माणसाचा मेंदू ज्या वाटेनें वर्षानुवर्षें झिजत जातो, ती वाट मात्र या माकडांनीं थोड्याच दिवसांत संपविलेली असते.