बेटाबाहेरचे मँक्स

अमेरिकेच्या ओहायो राज्यात क्लीव्हलंड शहराला लागून शेकर हाइट्स नावाचे एक सुखवस्तू उपनगर आहे. तेथे एकोणिसाव्या शतकातील एक छोटी दफनभूमी जपून ठेवलेली आहे. तिच्या शिळांवर केली, कॉर्लेट, कॅनेल अशी आडनावे पुन:पुन्हा वाचायला मिळतात. या परिसरात पूर्वी 'मँक्स स्ट्रीट' नावाचा रस्ताही होता. आज तेथून जाणाऱ्या बहुतेकांना मँक्स म्हणजे कोण हे सांगता येणार नाही. ज्यांना सांगता येते, त्यांच्यापैकी अनेकांचे धागे एका जुन्या संस्थेशी जोडलेले आहेत. ती संस्था म्हणजे 'नॉर्थ अमेरिकन मँक्स असोसिएशन'. तिची स्थापना याच क्लीव्हलंडमध्ये १९२८ साली झाली.

मँक्स म्हणजे आइल ऑफ मॅन या बेटाचे रहिवासी. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधील समुद्रात असलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ अवघे ५७२ चौरस किलोमीटर असून २०२१च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ८४ हजारांच्या आसपास आहे. आपल्याकडे हे नाव ऐकू येते ते दोन कारणांनी. एक म्हणजे १९०७पासून तेथे होणाऱ्या 'टीटी' मोटारसायकल शर्यती आणि दुसरे म्हणजे शेपूट नसलेले मँक्स मांजर. हे बेट ब्रिटिश राजसत्तेच्या अधीन असले तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाही. त्याची स्वतःची संसद आहे. 'टिनवाल्ड' नावाच्या या संसदेने १९७९ साली आपला सहस्राब्दी महोत्सव साजरा केला. याच संसदेने १८८१ साली मालमत्ताधारक स्त्रियांना मताधिकार दिला. लंडनमधील संसदेला तेवढे धाडस करायला आणखी ३७ वर्षे लागली, हे येथे नमूद करायला हरकत नाही.

एवढ्याशा बेटावरून माणसे बाहेर का पडली, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. अठराव्या शतकात बेटाची बरीचशी भरभराट चोरट्या व्यापारावर चालत होती. करमुक्त बंदरांत उतरलेला चहा, दारू आणि तंबाखू रात्रीच्या अंधारात इंग्लंडच्या किनाऱ्याला लागत असे. १७६५ साली ब्रिटिश सरकारने ७० हजार पौंड मोजून बेटाचे हक्क ड्यूक ऑफ अॅथोलकडून विकत घेतले आणि हा व्यवहार मोडून काढला. मागे राहिली ती शेती आणि हेरिंग माशांची बेभरवशाची मासेमारी. त्यातच १८२५च्या सुमारास बिशप मरे यांनी बटाट्यासारख्या पिकांवरही चर्चचा दशांश कर वसूल करण्याचा घाट घातला. बटाटा हे गरिबाचे अन्न होते. बेटावर दंगे उसळले. बिशपला माघार घ्यावी लागली, परंतु उत्तरेकडील परगण्यांतील अनेक शेतकरी कुटुंबांचे मन बेटावरून उडाले ते उडालेच. १८२६-२७मध्ये या कुटुंबांनी ओहायोची वाट धरली. त्यांत जर्बी परगण्यातील थॉमस केली हा एक होता. त्याने या प्रवासाची रोजनिशी लिहून ठेवली व ती पुढे छापली गेली. बेटाची स्वतःची आगबोट कंपनी १८३० साली निघाली. त्याआधीच्या या लोकांना लिव्हरपूल गाठण्यासाठीसुद्धा वाऱ्याची वाट पाहावी लागे.

पुढच्या लाटा खाणकामगारांच्या होत्या. लॅक्सी गावातील शिसे आणि जस्ताच्या खाणींतून पाणी उपसण्यासाठी १८५४ साली उभारलेले प्रचंड पाणचक्र आजही पर्यटकांचे आकर्षण आहे. त्याचा व्यास २२ मीटरहून अधिक आहे. त्या खाणींत हात तयार झालेले लोक इलिनॉय आणि विस्कॉन्सिनच्या शिशाच्या खाणींकडे वळले, ऑस्ट्रेलियाच्या सोन्याकडे वळले, दक्षिण आफ्रिकेलाही पोहोचले. फेब्रुवारी १९०० मध्ये डम्बेल्स बँक बुडाली आणि असंख्य कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी गेली. फॉक्सडेल येथील खाणी १९११ मध्ये बंद पडल्या. त्याच वर्षी रिचर्ड केन यांच्या पुढाकाराने 'वर्ल्ड मँक्स असोसिएशन' स्थापन झाली, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल असे वाटत नाही. बेट रिकामे होत असताना, गेलेल्यांची मोजदाद ठेवणारे कोणीतरी हवे होते.

अर्थात परदेशातील मँक्स लोकांनी त्याची वाट पाहिली नव्हती. क्लीव्हलंडमध्ये 'मोनाज रिलीफ सोसायटी' १८५१ पासूनच काम करत होती. मोना हे बेटाचे जुने नाव. या संस्थेचे काम संस्कृतिरक्षणाचे नव्हते, तर आजारपण आणि मृत्यू यांचे होते. घरातला कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला, तर चूल पेटती ठेवायची आणि तो गेला, तर त्याला सन्मानाने मूठमाती द्यायची. सरकारी विमा आणि निवृत्तिवेतन नसलेल्या त्या काळात स्थलांतरितांच्या बहुतेक मंडळांचा जन्म याच गरजेतून झाला. नृत्य, गाणी आणि वंशावळी नंतर आल्या.

नंतरच्या या टप्प्याची सुरुवात बहुधा १९२७ मध्ये झाली असे म्हणता येईल. त्या वर्षी उत्तर अमेरिकेतील मँक्स लोकांचा मोठा जथा समुद्र ओलांडून पूर्वजांच्या बेटाला भेट देऊन आला. परतलेल्यांच्या उत्साहातून दुसऱ्याच वर्षी नॉर्थ अमेरिकन मँक्स असोसिएशन उभी राहिली. अमेरिका आणि कॅनडातील विखुरलेल्या स्थानिक मंडळांना एका सूत्रात बांधणे हा तिचा उद्देश होता. वार्तापत्र काढणे, दर दोन वर्षांनी अधिवेशन भरवणे आणि बेटाशी पत्रव्यवहार ठेवणे ही तिची प्रमुख कामे ठरली. स्थानिक मंडळांचे कार्यक्रम त्याहून घरगुती. उन्हाळ्यात सहल, जुलैमध्ये टिनवाल्ड दिन, ऑक्टोबरअखेरीस सलगम कोरून केलेल्या दिव्यांचा 'हॉप-टू-ना' हा सण आणि प्रत्येक वेळी ताक घालून भाजलेला 'बॉनाग' हा पाव. बॉनाग मनुका घालून करावा की न घालता, यावर एकमत होणे कठीण. बेटावर तर बॉनाग करण्याची स्पर्धाच भरते.

या संस्थांकडे येणाऱ्या बहुतेक नव्या माणसांचा पहिला प्रश्न मात्र खाण्याचा किंवा गाण्याचा नसतो. तो आडनावाचा असतो. मँक्स आडनावांना एक खास ओळख आहे. 'मॅक' म्हणजे पुत्र. काळाच्या ओघात हा 'मॅक' झिजला आणि त्याचा शेवटचा 'क' तेवढा पुढच्या नावाला चिकटून राहिला. त्यामुळे 'मॅक विल्यम'चा क्विलियम झाला. क्वेल, क्वाइन, कर्मोड, कॅलिस्टर, किसॅक ही याच घडणीची नावे. कॉर्लेटमध्ये तर गेलिक 'मॅक'ला नॉर्स योद्ध्याचे नाव जोडले गेले आहे, कारण १२६६ पर्यंत हे बेट नॉर्वेच्या अधिपत्याखाली होते. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांचे पूर्वजही याच बेटावरचे.

आडनावे अशी ओळखू येणारी असली, तरी मोजकीच आहेत. एकाच परगण्यात एकाच नावाचे चार विल्यम केली सापडतात आणि नातू गोंधळून जातो. येथे एक जुनी प्रथा मदतीला येते. मँक्स थडग्यांवर विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव कोरण्याची पद्धत होती. पतीच्या आडनावापुढे 'अलियास' हा शब्द लिहून माहेरचे नाव दिले जाई. आज पोलिसांच्या फिर्यादीत शोभणारा हा शब्द तेथे आजोळचा पत्ता सांगतो. इंग्लंडमध्ये वंशावळ शोधणाऱ्याला स्त्रीचे माहेर शोधताना जी दमछाक होते, ती मँक्स वंशजाची बरीच वाचते. बेटाचे १७ परगणे, त्यांची चर्चदप्तरे, मृत्युपत्रे आणि जमिनीच्या नोंदी मिळून पुराव्यांचे एक छोटे पण दाट जाळे तयार होते. १९२२ साली सुरू झालेल्या मँक्स संग्रहालयाच्या ग्रंथालयात स्थलांतरितांची पत्रेही आहेत. मँक्स नॅशनल हेरिटेज या संस्थेने १७९२ ते १९६० या काळातील स्थानिक वृत्तपत्रे संगणकावर वाचण्यासाठी खुली केल्याने ओहायोत बसून पणजोबांच्या निघण्याची बातमी शोधता येते.

मात्र या सगळ्या उत्साहाच्या तळाशी एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. ती म्हणजे भाषा. पहिली पिढी मँक्स भाषेत बोलत आणि प्रार्थना करत ओहायोला पोहोचली. संपूर्ण बायबल १७७५ पर्यंत त्या भाषेत आले होते. परंतु पोटापाण्यासाठी इंग्रजीच हवी, हे परदेशात आणि खुद्द बेटावरही एकाच वेळी पक्के झाले. आईवडील मुलांदेखत मँक्स बोलेनासे झाले. १८७४ मध्ये सुमारे १२ हजार लोकांना ही भाषा येत होती. १९०१ च्या जनगणनेत ४,४१९ जणांनी तशी नोंद केली. १९६१ मध्ये आकडा १६५ वर आला. २७ डिसेंबर १९७४ रोजी नेड मॅड्रेल हे शेवटचे जन्मजात भाषक मच्छीमार वारले. परदेशातील वंशजांनी थडगी जपली, बॉनाग जपला, तीन पायांचे राष्ट्रचिन्ह जपले. भाषा मात्र त्यांच्या हातून आधीच निसटली होती. त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण बेटानेही वेगळे काही केले नव्हते.

भाषा वाचली ती काही हट्टी माणसांमुळे. मँक्स भाषा मंडळ १८९९ मध्ये स्थापन झाले. सोफिया मॉरिसन यांनी १९१३ ते १९१७ या काळात 'मॅनिन' हे नियतकालिक चालवले, मोना डग्लस यांनी गाणी व नृत्ये गोळा केली आणि आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने १९४८ मध्ये उरलेल्या वृद्ध भाषकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. २००१ मध्ये संपूर्ण मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली. २००९ मध्ये युनेस्कोने ही भाषा मृत ठरवली, तेव्हा या शाळेतील मुलांनी निषेधाची पत्रे पाठवली, तीही मँक्समध्येच. आमची भाषा मेली असेल, तर हे पत्र कोणत्या भाषेत आहे, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. युनेस्कोला नोंद बदलावी लागली. २०२१ च्या जनगणनेत दोन हजारांहून अधिक लोकांनी मँक्स थोडीफार येत असल्याचे सांगितले.

या पार्श्वभूमीवर वंशजांच्या संस्थांची भूमिका आता काहीशी अवघड झाली आहे. १९६१ मध्ये बेटाने श्रीमंतांवरील अधिभार रद्द केला आणि तेव्हापासून पैसा व माणसे बाहेरून येत राहिली. आज बेटाच्या रहिवाशांपैकी जेमतेम निम्मे बेटावर जन्मलेले आहेत. अर्थव्यवस्था बँका, विमा आणि ऑनलाइन जुगाराच्या कंपन्यांवर चालते. वंशजांच्या मनातले बेट मात्र पांढऱ्या चुन्याच्या झोपड्यांचे, बटाटे आणि हेरिंगच्या जेवणाचे आणि मेथडिस्ट प्रार्थनांचे आहे. गेलेल्यांनी सोबत नेलेले गाव त्यांच्या निघण्याच्या दिवशीच थांबलेले असते. बेटावरील तरुणांना याचे हसू येत असेल, तर नवल नाही. तरीही बेटावर भाडेकरारावर आलेला बँक अधिकारी आणि सात पिढ्यांपूर्वी निघून गेलेल्या केलीचा ओहायोतील वंशज यांच्यापैकी मँक्स कोण, हा प्रश्न तेथे केवळ वादासाठी विचारला जात नाही. सध्या तरी दोघेही एकाच मांडवात दिसतात.

बेटावरून बाहेर पडलेल्यांपैकी एक नाव आपल्या वाचकांना जवळचे वाटावे. कर्नल मार्क विल्क्स हे मूळचे मँक्स. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातून ते म्हैसूरच्या दरबारी रेसिडेंट झाले आणि १८१० ते १८१७ या काळात त्यांनी दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासाचे तीन खंड प्रसिद्ध केले. हैदर, टिपू आणि मराठे यांच्या संघर्षाचा अभ्यास करणाऱ्यांना ते टाळून पुढे जाता येत नाही. नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर आणले गेले, तेव्हा तेथील गव्हर्नर हेच होते. परंतु विल्क्स परत गेले, मायदेशी जमीनदार झाले आणि १८२३ पासून अखेरपर्यंत 'हाउस ऑफ कीज' या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष राहिले. जर्बीच्या शेतकऱ्यांना परतीचे असे तिकीट मिळाले नाही. त्यांच्यासाठी परत येण्याचे काम पणतवंडांनी केले.

ते दरवर्षी ५ जुलैच्या सुमारास पाहायला मिळते. सेंट जॉन्स गावातील चार पायऱ्यांच्या हिरव्या टेकडीवर संसद उघड्यावर भरते. वर्षभरात झालेल्या कायद्यांचा सारांश इंग्रजी आणि मँक्स या दोन्ही भाषांत वाचला जातो. अठरा महिन्यांत असे वाचन झाले नाही, तर कायदा रद्द होतो. कोणताही नागरिक पुढे येऊन आपली तक्रार लेखी सादर करू शकतो. मिरवणुकीच्या वाटेवर लव्हाळे अंथरलेले असते. जमलेल्यांच्या छातीवर 'बॉलन बेन' या वनस्पतीची डहाळी खोचलेली दिसते. ही आपल्या दवण्याच्या कुळातली. ओहायोच्या रस्त्यांकडेला ती तण म्हणून उगवते.