सुंभ जळाला, बँडिंगचा पीळ राहिला

हॉस्टेलमध्ये आमच्या मजल्यावर एकाकडे बुटांच्या खोक्यात भरून ठेवलेली कार्डं होती. रमीची नव्हेत, 'मॅजिक: द गॅदरिंग'ची. अमेरिकेहून आलेल्या मावसभावाने जाताना त्याच्या गळ्यात मारलेली. खोक्यात सगळं होतं, फक्त नियमांचं पुस्तक तेवढं नव्हतं. पण कार्डावर काय लिहिलंय ते वाचलं की बराचसा खेळ कळायचा, त्यामुळे आमचं भागत होतं.

अडलो ते एका कार्डापाशी. बेनलिश हीरो. किंमत एक पांढरा माना (म्हणजे या खेळातलं जादूचं चलन), ताकद १, दम १, आणि खाली एकच शब्द: बँडिंग. आता आली का पंचाईत! बँड म्हणजे टोळी, म्हणजे दोघांनी मिळून हल्ला करायचा आणि ताकदीची बेरीज करायची, असा आम्ही तर्क लढवला आणि अख्खी सेमिस्टर तसंच खेळलो. पुढे खरा नियम वाचला तेव्हा कळलं की आम्ही साफ चुकलो होतो. बँडिंगमध्ये बेरीज नसतेच. बँडिंगमध्ये ठरतं ते एवढंच की मार कोणी खायचा.

हे नीट समजायला एक लढाई बघू. समोरच्याचा जमिनीवरचा एक राक्षस (ताकद ५, दम ५) माझ्यावर चालून आलाय. माझ्याकडे सेरा एंजल (४, ४) आणि आपला बिचारा हीरो (१, १). मी दोघांनाही राक्षसाच्या आडवं घातलं. चार आणि एक पाच, म्हणजे राक्षस मेला. पण त्याचे पाच घाव कोणाला बसणार? नेहमीच्या नियमाने हे हल्ला करणारा ठरवतो. तो चार घाव एंजलला घालील, एक हीरोला, आणि माझे दोघेही गारद. पण हीरोकडे बँडिंग आहे, म्हणून आता वाटणी मी करणार. पाचच्या पाच घाव हीरोच्या अंगावर! हीरो मेला, एंजल वाचली. एका मानाच्या शिपायाने पाच मानांची परी वाचवली.

कल्पना सुरेखच आहे. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने हा खेळ रचला, आणि ऑगस्ट १९९३ मध्ये 'अल्फा' हा २९५ कार्डांचा पहिला संच आला तेव्हापासून बँडिंग त्यात होतं. हीरोबरोबर मेसा पेगॅसस होता, टिंबर वुल्व्ह्ज होते. एकटे कुचकामी, पण टोळीत आले की दुसऱ्याची ढाल. त्याच वर्षीच्या 'अरेबियन नाइट्स' संचात तर चक्क एक उंट आहे. हल्ल्यात त्याच्याबरोबर बँड करून निघालेल्यांना वाळवंटाच्या कार्डांचा मार लागत नाही. तांडा म्हणजे काय, हे त्या कार्डाने दोन ओळींत सांगितलं.

मग घोडं अडलं कुठे? बचावात एकाकडे जरी बँडिंग असलं तरी पुरतं. हल्ल्यात मात्र बँड आधी जाहीर करावा लागतो, आणि त्यात बँडिंग नसलेला फार तर एकच चालतो. बँडमधल्या एकाला अडवलं की सगळे अडले. म्हणजे उडणाऱ्या एंजलला हीरोबरोबर हल्ल्याला पाठवली, तर जमिनीवरचा राक्षस हीरोला अडवतो आणि एंजलही आपोआप अडकते. उडता येत असून उपयोग शून्य. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शनचं नाव एकच, पण कोण बोलावतंय त्यावर ते दोन वेगळी कामं करतं. असला कोड रिव्ह्यूला आला तर आपण काय म्हणू ते सांगायला नको :)

बरं, एवढ्यावर थांबावं ना? १९९४ च्या 'लेजंड्स' संचात 'बँड्स विथ अदर' नावाचा पोटनियम आला, म्हणजे ठरावीक जातीच्याच मंडळींशी बँड करायचा. त्यासाठी पाच जमिनींची कार्डं निघाली, जी माना देतच नाहीत, फक्त हे एवढं देतात. मूळ नियम समजायची मारामार, त्यात ही पोटकलमं!

शेवटी व्हायचं तेच झालं. १९९७ च्या 'वेदरलाइट'मध्ये बेनलिश इन्फंट्री हे बँडिंगचं कार्ड आलं, आणि त्यानंतर नेहमीच्या संचांमधून बँडिंग गायब झालं. १९९९ च्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे मूळ संचातही, ते उरलं नाही. २००४ च्या 'अनहिंज्ड' या थट्टेच्या संचात 'ओल्ड फोगी' नावाचा म्हातारा डायनोसॉर आला. जुन्या कटकटीच्या क्षमता गोळा करून त्याच्या अंगावर चढवल्यात, आणि त्यात 'बँड्स विथ अदर' आहेच.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर खेळाचे नियम जवळजवळ मुळापासून नव्याने लिहिले गेले. बँडिंग पुसून टाकायला याहून चांगला मुहूर्त कोणता? पण नाही पुसलं. २००९ मध्ये घाव वाटण्याची पद्धत बदलली: आधी अडवणाऱ्यांचा क्रम लावा, पहिल्याला मरण्याइतके घाव द्या, मगच दुसऱ्याकडे वळा. तिथेही बँडिंगवाल्याला हा क्रम लागू नाही, असा अपवाद ठेवावा लागला. २०२४ मध्ये 'फाउंडेशन्स' संचाबरोबर तो क्रमच काढून टाकला. बँडिंग आहे तिथेच आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा असा.

का बरं नाही काढलं? हा प्रश्न मला आधी पडलाच नसता. पहिल्या नोकरीत एका शुक्रवारी मी एक जुनं मॉड्यूल उडवलं. सगळा कोड शोधला होता, त्याला कुठूनच कोणी बोलावत नव्हतं. मेलेला कोड, साफसफाई केली, खूश होऊन घरी गेलो. सोमवारी सकाळी फोन. एका जुन्या ग्राहकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर एक कॉन्फिगरेशन फाइल होती आणि ती त्याच मॉड्यूलला बोलावत होती. महिनाअखेर होती, त्यांचे पगार अडकले. माझे सीनियर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, कोड आपला आहे, पण आपण जे देऊन बसलोय ते आपलं राहिलेलं नाही."

पगार अडकलेल्यांतला एकही माणूस मला दिसला नव्हता. कोडमध्ये शोधून माणसं सापडत नाहीत.

१९९३ चा बेनलिश हीरो आजही व्हिंटेज, लेगसी, कमांडर या प्रकारांत खेळता येतो. कोणीतरी तो विकत घेतला तेव्हा त्यावर एक शब्द छापलेला होता, आणि त्या शब्दाचा अर्थ पुरवण्याची जबाबदारी छापणाऱ्याने घेतली होती. पैजेवर कार्ड लावायला सांगणाऱ्या काही जुन्या कार्डांवर सरळ बंदी आहे. बँडिंगच्या कार्डांवर तशी सरसकट बंदी घातली नाही. नवीन छापणं थांबवलं, पण दिलेलं परत घेतलं नाही. त्याचा भुर्दंड प्रत्येक बदलाच्या वेळी नियम लिहिणारे भरतात. कोणी खेळो न खेळो, दर वेळी तो परिच्छेद उघडून तपासायचा, कारण कुठल्यातरी हॉस्टेलमध्ये खोकं उघडून कोणीतरी विचारणारच, की बाबा रे, याचा अर्थ काय?

असो. खोक्याचा मालक आता टोरांटोत असतो. जाताना हीरोचं कार्ड मला देऊन गेला. ऑफिसातल्या माझ्या मॉनिटरखाली ते टेकवून ठेवलंय. जुना कोड डिलीट करण्याआधी मी एकदा त्याच्याकडे बघतो.