गोव्यातून लोकसभेला उभ्या राहिलेल्या दोघी: 1980 आणि 2024

मंडळाच्या मागच्या बैठकीत हा विषय मांडला तेव्हा एक मित्र म्हणाले, "2024 ची निवडणूक इतिहासात कधीपासून जमा झाली?" शंका रास्त आहे. पण माझा जन्म गेला बार्जींची इंजिनं दुरुस्त करण्यात. इंजिनाची नोंदवही ते चालू असतानाच लिहावी लागते. बंद पडल्यावर आठवून लिहिलेली नोंद कामाची नसते. ती सवय काही सुटत नाही. तेव्हा आजची नोंद आजच करतो. सुरुवात मात्र 1980 पासून.

आमचं बिऱ्हाड तेव्हा डिचोलीला. बाजारात वडिलांचं किराणा दुकान, वरच्या माळ्यावर आम्ही. मी दहा वर्षांचा असेन. समोरच्या भिंतीवर गेरूने सिंह काढला होता, मगोचं चिन्ह. चित्रकाराला सिंह काही जमला नव्हता, तो मांजरासारखा दिसे, एवढं पक्कं आठवतं. आणि आईचं एक वाक्य आठवतं, "आता एक बायलमनीस दिल्लीक वतली." ती बायलमनीस म्हणजे संयोगिता राणे. पणजी मतदारसंघातून मगोच्या तिकिटावर त्या निवडून आल्या.

तो निकाल आज पाहिला तर नवल वाटतं. शशिकलाताई काकोडकरांचं सरकार एप्रिल 1979 मध्ये पडलेलं. जानेवारी 1980 मध्ये विधानसभा आणि लोकसभा अशा दोन्ही निवडणुका आल्या. विधानसभेत मगोचं पानिपत झालं, 30 पैकी जेमतेम 7 जागा. भाऊसाहेब बांदोडकरांपासून चालत आलेली सत्ता गेली. आणि त्याच दिवसांत त्याच पक्षाची एक स्त्री लोकसभेवर गेली! गोव्याच्या वाट्याला लोकसभेच्या जागा दोनच, पूर्वी पणजी आणि मुरगाव, आता उत्तर आणि दक्षिण. या दोन जागांवरून 2024 पर्यंत निवडून गेलेली ती एकमेव स्त्री. पुढच्या चव्वेचाळीस वर्षांत दुसरी नाही.

निवडणूक आयोगाच्या जुन्या अहवालात उमेदवाराला एक ओळ मिळते: नाव, स्त्री की पुरुष, पक्ष, मतं. खासदार झाल्यामुळे राणेबाईंचं नाव निदान संसदेच्या यादीत कायम राहिलं. हरल्या असत्या तर त्या एका ओळीतच संपल्या असत्या. अपक्ष आणि लहान पक्षांकडून उभ्या राहिलेल्या इतर बायकांचं तेच झालं आहे.

आता 2024. 24 मार्चला भाजपची यादी आली आणि दक्षिण गोव्यासाठी पल्लवी धेंपे यांचं नाव निघालं. गोव्यात लोकसभेसाठी या पक्षाने दिलेली ही पहिलीच स्त्री. माहेर मडगावचं तिंबलो घराणं, सासर धेंपे (घराणं धेंपे, कंपनी धेंपो, बाहेरच्या वाचकांचा इथे नेहमी घोटाळा होतो). शिक्षण रसायनशास्त्राचं, नंतर पुण्याच्या एमआयटीतून एमबीए. धेंपो उद्योगसमूहात कार्यकारी संचालक. राजकारणात अगदी नवख्या.

गोव्यात खाणमालक आणि राजकारण यांची सोयरीक जुनी. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब स्वतः खाणमालक. धेंपे घराण्याचा वावर मात्र मुख्यतः संस्थांच्या वाटेने: 1962 चं धेंपे महाविद्यालय, 1963 चं 'नवहिंद टाइम्स', 1970 चा आपला मराठी 'नवप्रभा', फुटबॉलचा क्लब. खाणीचा धंदा त्यांनी 2009 मध्येच सेसा गोवाला विकला. घरातली सून थेट मतपत्रिकेवर येणं ही वेगळी गोष्ट होती.

अर्ज भरला आणि 119 पानांचं शपथपत्र बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच आकडा: सुमारे 1,361 कोटी. तिसऱ्या टप्प्यातल्या उमेदवारांत सर्वांत श्रीमंत. चहाच्या टपरीवरसुद्धा तोच आकडा, त्यापुढे कोणी वाचलंच नाही. तो आकडा फोडून बघा. जंगम मालमत्ता, त्यांची स्वतःची 255.4 कोटी, पतीची 994.8 कोटी. स्थावर, त्यांची 28.2, पतीची 83.2. म्हणजे मथळ्यातल्या रकमेचा पाचवा हिस्साच त्यांच्या रकान्यातला. मग मथळा खोटा का? तसंही म्हणता येत नाही, आणि इथे गोव्याचा कायदा आडवा येतो.

1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता आपल्याकडे 1870 पासून लागू आहे. विवाहपूर्व करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते, निम्मी निम्मी. स्थावर विकायचं तर दोघांची संमती लागते. आयकर कायद्यातही आपल्यासाठी वेगळं कलम आहे. त्याप्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न, धंद्यातलं धरून, पतीपत्नीत समान वाटलं जातं. म्हणजे कायद्याच्या नजरेने आमची आईसुद्धा दुकानाच्या निम्म्या उत्पन्नाची धनीण. आयुष्यभर तिने उधारीची वही सांभाळली, गिऱ्हाईक तोडलं नाही, पण तिला उद्योजिका कोणी म्हटलं असतं तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. या कायद्यामुळे गोव्यात अशा हजारो भागीदारणी कागदोपत्री आहेत. एखादी निवडणुकीला उभी राहते तेव्हाच तिच्या नावापुढचा आकडा दिसतो, आणि तो तिचा किती आणि घराचा किती यावर वाद होतो.

शपथपत्राची ही पद्धतही तशी नवीच. 2002 आणि 2003 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे ती आली. 1980 च्या उमेदवाराला मालमत्तेची एक ओळ लिहावी लागली नव्हती. अभ्यासकाला हे शपथपत्र म्हणजे घबाडच. तरी त्यात मला एक गोष्ट सापडली नाही. प्रचारात धेंपेबाईंची ओळख सांगितली जात होती ती ग्रामीण सरकारी शाळा दत्तक घेण्याच्या उपक्रमावरून, मुलींच्या शिक्षणावरून, इंडो-जर्मन एज्युकेशन सोसायटीच्या अध्यक्षपदावरून, गोवा कॅन्सर सोसायटीच्या नियामक मंडळावरच्या कामावरून. यातल्या कशालाच शपथपत्रात रकाना नाही. कर्ज, दागिने, गाड्या, खटले, सगळ्याला आहे.

विरोधकांनी विचारलं, ट्रस्टच्या पैशाने केलेली समाजसेवा कोणाची म्हणायची? प्रश्न विचारायलाच हवा. माझ्या मते पैसा आणि हात वेगळे मोजावेत. शाळेला बाकडी कोणी दिली हे ट्रस्टच्या हिशेबात कळतं. तिथे दर महिन्याला कोण जात होतं हे फक्त त्या शाळेच्या मास्तरणीला ठाऊक असतं. तिला विचारायला ना पत्रकार गेले ना आपण. मीही गेलो नाही.

यादीपासून मतदानापर्यंत सहा आठवडे मिळाले. मी आता फोंड्याला राहतो, म्हणजे मतदार दक्षिणेचा, त्यामुळे हे सगळं दारात पाहिलं. 7 मे रोजी मतदान, 4 जूनला निकाल. काँग्रेसचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस 2,17,836, पल्लवी धेंपे 2,04,301. फरक 13,535. दक्षिणेत विधानसभेचे 20 मतदारसंघ, त्यातले 8 एकट्या सासष्टीत, आणि सासष्टीने पारडं फिरवलं. उमेदवार माहेरवाशीण असली तरी मडगावच्या आसपासच्या गावांनी आपला जुना कल सोडला नाही. भाजपने ही जागा त्याआधी 1999 आणि 2014 अशी दोनदाच जिंकली होती, तेव्हा दोन लाखांवर मतं घेऊन हरणं हे तसं किरकोळ नव्हे.

119 पानं सुरक्षित राहतील, त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती 1980 ची. मांजरासारखा सिंह असलेली ती भिंत केव्हाच पडली. राणेबाईंच्या प्रचाराचं एखादं हस्तपत्रक, सभेचा फोटो, त्यांच्याबरोबर घरोघर फिरलेल्या बायकांपैकी कोणाची आठवण, पेडण्यापासून सत्तरीपर्यंत कुठल्या तरी पेटाऱ्यात असणारच. कोणाकडे मिळालं तर मंडळाच्या बैठकीला घेऊन या. मूळ कागद नको, आम्ही तिथेच फोटो काढून परत देऊ.