मर्केलची गाठ

गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या गालावरची जांभळट गाठ तपासायला दिली आणि ‘मर्केल सेल कार्सिनोमा’ हे नाव घरात आलं. मी जन्मभर इतिहास शिकवलेला; भीती वाटली की आधी सनावळी शोधते.

१८७५ साली फ्रीड्रिख मर्केल या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने त्वचेतल्या स्पर्शपेशींचं वर्णन केलं. त्यांच्यावरूनच हे नाव. या कर्करोगाचं पहिलं वर्णन मात्र १९७२ चं, सिरिल टोकर यांचं. उपाय म्हणजे शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. आजार पसरला तर केमोथेरपी. तिने गाठी विरघळत, पण बहुधा काही महिन्यांत परतत. २००८ मध्ये पिट्सबर्गला युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या गटाला दहापैकी आठ गाठींत एक नवा विषाणू सापडला. २०१७ मध्ये पसरलेल्या आजारासाठी अमेरिकेत ॲव्हेल्युमॅबला मान्यता मिळाली. हे औषध आपल्याच पेशींना गाठीशी लढायला मोकळं करतं. सगळ्यांना ते लागू पडत नाही. पण ज्यांना पडतं, त्यांच्यात गुण पुष्कळदा टिकतो.

भावाचा आजार पसरलेला नाही. सोमवारी शस्त्रक्रिया, मग किरणोपचार. हे सगळं त्याला वाचून दाखवलं, तर म्हणतो कसा, "ताई, म्हणजे आजारी पडायला मी मुहूर्त बरा निवडला!"

हसले खरी. सोमवारची वाट मात्र बघवत नाही.