इनामगावची चूल आणि अंगणातली मुले

दिवाळी आली की शिरूर-दौंडच्या पट्ट्यात गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात. बुरूज, तटबंदी, दरवाजा, वर सिंहासन आणि पायथ्याशी मावळे. मुले चिखलात कोपरापर्यंत हात घालून किल्ला करतात आणि त्या निमित्ताने त्यांना इतिहास कळतो, असे आपण मानतो. ते खोटे नाही. पण मुलांनी केलेल्या त्या किल्ल्यावर चूल क्वचितच दिसते. सैन्य जेवत कुठे होते, धान्य दळत कोण होते, घरातली पोरे काय खात होती, हे प्रश्न किल्ल्यावरच्या इतिहासात येत नाहीत.

मोठ्यांनी लिहिलेल्या स्थानिक इतिहासातही ते फारसे येत नाहीत. शिरूरबद्दल लिहायचे म्हटले की घोडनदीची इंग्रजी छावणी येते, तिथे १८१७ मध्ये उभे राहिलेले घोडदळ येते, १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई येते, वढू येते, रांजणगावचा महागणपती येतो. दौंडबद्दल लिहायचे म्हटले की रेल्वे येते, १८७८ मध्ये सुरू झालेला मनमाडचा फाटा येतो. हे सगळे लिहिले जायलाच हवे. पण या दोन तालुक्यांच्या भूमीवर माणसाच्या घरगुती जगण्याचा जो सर्वांत जुना आणि सर्वांत बारकाईने तपासलेला पुरावा आहे, तो चुलीचा, कणगीचा आणि लहान मुलांचा आहे. तो शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर, इनामगावला सापडला.

पांढरीची टेकाडे

गावाजवळच्या जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे ‘पांढर’ म्हणतात. राख, शेण, चुना आणि पडलेल्या भिंतींची माती शतकानुशतके साचून ती जमीन पांढुरकी होते. पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकायची जुनी रीत आहे, आणि त्या रीतीत कितीतरी जुन्या वस्त्या शेतात पसरून गेल्या. इनामगावची टेकाडे बऱ्याच अंशी वाचली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे हंगामामागून हंगाम उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यातली प्रमुख नावे. सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

वस्तीचा काळ ढोबळमानाने इ.स.पू. १६०० ते ७००. त्याचे तीन टप्पे केले जातात. पहिला माळवा संस्कृतीचा, दुसरा इ.स.पू. १४०० ते १००० चा पूर्व जोर्वे. तिसरा त्यानंतरचा उत्तर जोर्वे. जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातल्या गावावरून पडले, कारण तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी असलेली ही खापरे तिथे प्रथम ओळखली गेली. या लोकांना तांबे माहीत होते, पण ते दुर्मिळ होते. रोजच्या कापाकापीला गारगोटीच्या जातीच्या दगडाची पाती होती. लोखंड अजून यायचे होते.

इनामगावचे वेगळेपण असे की, इथे एखाद-दुसरा खड्डा घेऊन काम थांबवले गेले नाही. शंभराहून अधिक घरे उघडी करण्यात आली. त्यामुळे एका राजाचा नव्हे, तर एका गावाचा इतिहास हाती आला.

घर, अंगण, साठवण

पूर्व जोर्वे काळातली घरे चौकोनी आणि ऐसपैस होती. मातीची बुटकी भिंत, तिच्यावर कुडाचा आडोसा, वर गवताचे छप्पर, आणि मोठ्या खोलीत मध्ये कुडाचीच एक आडभिंत. आत चूल. बाहेर अंगणात मोठा लांबट आगीचा खड्डा. आतल्या चुलीवर रोजचे शिजवायचे आणि बाहेरच्या खड्ड्यात मांस भाजायचे, असा त्यांचा उपयोग उत्खनकांनी लावला आहे.

घरात सर्वांत जास्त जागा खाणारी गोष्ट म्हणजे साठवण. चुन्याचा गिलावा केलेली पेवे सापडली. कणग्या ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटे सापडले. चार पाय असलेले मोठे रांजण होते आणि त्यांच्या पायांखाली ठेवायचे चार चपटे दगड जागच्या जागी मिळाले. ओल आणि किडामुंगी यांपासून धान्य वाचवण्याची ही युक्ती खेड्यात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. वस्तीच्या मध्यावर एक पाच खोल्यांचे घर होते आणि त्याच्याजवळ धान्याचे कोठार. हे गावप्रमुखाचे घर असावे, असे मत ढवळीकरांनी मांडले. कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला होती. म्हणजे कोणाच्या घरात किती धान्य असावे याची विषमता तेव्हाही होती, आणि तिची खूण साठवणीच्या जागेवर उमटली होती.

काय शिजत होते

उत्खननात मिळालेले जळके दाणे वनस्पतींच्या अभ्यासकांनी एकेक करून ओळखले. मुख्य पीक सातूचे. त्याशिवाय गहू, मसूर, वाटाणा आणि कुळीथ. कुळीथ म्हणजे आपल्याकडचे हुलगे. बोराच्या आठळ्या आणि जांभळाच्या बियाही आहेत. हाडांवरून गाय-बैल, शेळी-मेंढी, हरिण आणि मासे खाल्ले जात होते हे कळते. हाडांवर कापल्याच्या आणि भाजल्याच्या खुणा आहेत.

या यादीत काय नाही, तेही पाहिले पाहिजे. मिरची नाही, शेंगदाणा नाही, मका नाही, बटाटा नाही. ही चारही अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या काळात आणि त्यानंतर आलेली. म्हणजे ठेचा-भाकरीतला ठेचा तर गेल्या चार-पाचशे वर्षांतला. ज्वारी आणि बाजरी मूळच्या आफ्रिकेतल्या. ‘आमचे जेवण हजारो वर्षे असेच आहे’ हे वाक्य आपण सहज बोलतो, पण राखेतले दाणे त्याला पाठिंबा देत नाहीत. हुलगा मात्र टिकला. आजारी माणसाला हुलग्याचे माडगे आणि पावसाळ्यात शेंगोळे करणाऱ्या घरांत तीन हजार वर्षांपूर्वीचा एक दाणा अजून शिजतो. कृती तीच होती, असे मात्र म्हणता येणार नाही.

कृतीबद्दल बोलायचे तर भांडी आणि दगड यांच्याकडे जावे लागते. फिरते जाते तेव्हा नव्हते. ते नंतर कितीतरी शतकांनी आले. दळण होई ते पसरट खोलगट दगडावर, हातातला दुसरा दगड पुढे-मागे सारून. गुडघ्यांवर बसून, पाठ वाकवून हे काम करावे लागे. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, खुंट्याला दोन हात लागतात, सूर जुळतो. या दगडावर एकटीचेच काम. जात्यावरच्या ओवीचा उगम शोधणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. अशा दळणात दगडाची कच उतरते आणि ती पिठाबरोबर पोटात जाते.

जोर्वे भांड्यांत वारंवार भेटतात ते मधे कंगोरा असलेले वाडगे आणि लांब नळीची तोटी असलेले चंबू. वाडगा आणि तोटी ही पातळ अन्नाची भांडी आहेत. त्यावरून भरडलेल्या सातूची पेज, डाळीचे कढण असे काही रोजचे जेवण असावे, असा तर्क करायला जागा आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून या विषयावर बोलतो तेव्हा तोटीच्या चंबूचे चित्र दाखवले की हमखास कोणीतरी विचारते, “बाळाला दूध पाजायला होता का?” याला पुरावा नाही. पण प्रश्न योग्य आहे, कारण भांडे पाहून मोठ्यांना पूजा आठवते आणि मुलांना भूक.

उंबऱ्याच्या आत

मुलांचा दुसरा प्रश्न अधिक अवघड असतो. इनामगावला दोनशेच्या वर दफने मिळाली आणि त्यातली बहुसंख्य लहान मुलांची, त्यातही अगदी तान्ह्यांची आहेत. ती गावाबाहेर नाहीत. घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात खड्डा करून, हाताने घडवलेली दोन राखाडी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि त्यांत मूल असे. जवळ एखादा वाडगा, एखादा तोटीचा चंबू. वर पुन्हा जमीन सारवली जाई आणि त्याच घरात माणसे राहत. प्रौढांना मात्र उताणे, उत्तर-दक्षिण पुरत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. “मेलेलं बाळ घरात का ठेवायचं?” असे पाचवीतली मुले विचारतात, आणि पाय का तोडले हेही विचारतात.

मृताने परत येऊन त्रास देऊ नये म्हणून पाय तोडले, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते बरोबर मानले तर मुलांच्या बाबतीत उलटे दिसते. त्यांना घरापासून दूर लोटण्याची कोणतीही खूण नाही. उलट उंबऱ्याच्या आत, चुलीच्या उबेत ठेवले आहे. आजही आपल्याकडे तान्ह्या मुलाला बहुधा दहन न करता पुरतात, आणि काही जण या दोन गोष्टी सरळ जोडतात. मधे अडीच-तीन हजार वर्षे आहेत. कृती सारखी दिसली म्हणून अर्थ सारखा ठरत नाही. पण एवढे म्हणता येते की, ज्या गावात इतकी मुले जात होती तिथे मूल जाणे ही सवयीची गोष्ट झाली नव्हती. दर वेळी खड्डा खणला गेला, मडकी निवडली गेली, जेवणाचे भांडे शेजारी ठेवले गेले. नेवाशाला याच संस्कृतीच्या एका मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि तिच्या दोऱ्यात कापसाबरोबर रेशमाचा धागा होता. तांबे दुर्मिळ असताना ते मुलाच्या गळ्यात राहू दिले.

दातांवरच्या रेघा

दुःखाचा पुरावा असा अप्रत्यक्ष असतो, भुकेचा मात्र प्रत्यक्ष मिळतो. दात घडत असताना मूल आजारी पडले किंवा उपाशी राहिले तर दातावरच्या लुकणात दोष राहतो आणि हाड जसे पुन्हा भरून येते तसा तो भरून येत नाही. इनामगावच्या सांगाड्यांचा अभ्यास जॉन ल्यूकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांच्या दुधाच्या दातांवर असे दोष त्यांनी नोंदवले. दुधाचे दात आईच्या पोटातच घडू लागतात, त्यामुळे ही नोंद अर्धी मुलाची आणि अर्धी आईची असते.

इ.स.पू. १००० नंतर गावाचे रूप बदलले. ऐसपैस चौकोनी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या. गहू कमी झाला. शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांच्यावर भर वाढला. ढवळीकरांनी याचे कारण हवामान कोरडे होत गेले असे दिले: पाऊस घटला, शेती बसली, माणसे अर्धभटकी झाली. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधिकेने इनामगावच्याच मुलांची हाडे नव्याने मोजली. २०११ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाखवले की, उत्तर जोर्वे काळातली मुले उंचीच्या मानाने हडकुळी होती. मात्र केवळ पाऊस कमी झाला एवढ्याने हे उलगडते, हे त्यांना मान्य नाही. हा प्रदेश मुळातच निमकोरडा आहे. अशा जमिनीत माणसांनी पोट भरण्याचे जे मार्ग धरले त्यांचा भार मुलांच्या शरीरावर पडला, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे.

मला हा वाद महत्त्वाचा वाटतो, कारण तो जुना झालेला नाही. दोष आभाळाला द्यायचा की व्यवस्थेला, हा शिरूर-दौंडच्या प्रत्येक दुष्काळातला प्रश्न आहे. इनामगावचे उत्खनन चालू असतानाच १९७२ चा दुष्काळ पडला. त्या पिढीतली माणसे खडी फोडण्याची कामे, तांबडी मिलो आणि मुलांना वाटलेली सुकडी यांची नावे अजून काढतात. त्यानंतर २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हळूहळू अंगणवाडीचा तराजू गावागावांत पोचला. उंचीच्या मानाने वजन किती, हीच मोजणी अंगणवाडीताई जिवंत मुलांची करतात.

आता घोड आणि भीमा यांच्या काठाला ऊस आहे. धरणाचे कालवे आहेत, कारखाने आहेत, गुऱ्हाळे आहेत. दिवाळी सरली की तोडीला टोळ्या येतात आणि उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. लहान, गोल, एका कुटुंबापुरत्या. बाहेर तीन दगडांची चूल, तिच्याशेजारी पहाटे दोन भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवलेल्या, आणि आईबाप फडात असताना धाकट्याला सांभाळणारे सहा-सात वर्षांचे पोर. हंगाम संपला की कोपी मोडते. पाचट जळते, चुलीचे दगड बांधावर जातात आणि महिनाभरात तिथे नांगर फिरतो. इनामगावची मुले सापडली, कारण त्यांची घरे एका जागी टिकली होती आणि जमिनीखाली कोणीतरी त्यांच्या भांड्यांसकट त्यांना जपून ठेवले होते. या मुलांची नोंद मातीत राहणार नाही. ती अंगणवाडीच्या आणि शाळेच्या हजेरीपत्रकातच व्हायला हवी, आणि ती करायला हा हंगाम एवढाच वेळ आहे.