माकडताप : आजारी माकड गुन्हेगार नसतं

कसारा घाटात गाडी थांबली की माकडं खिडकीपाशी येतात. कुणी केळं देतं, कुणी वेफर्सचं पाकीट पुढे करतं. दवाखान्यात मात्र वेगळाच प्रश्न येतो : "डॉक्टर, माकडांमुळे ताप येतो म्हणतात, ते खरं का? मग ही घाटातली माकडं पकडून दुसरीकडे का नाही सोडत?"

'माकडताप' नावाचा आजार खरंच आहे. आपल्या राज्यात तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात दिसला आहे, त्यामुळे कसारा-शहापूरकरांनी आज घाबरून जायचं कारण नाही. पण त्याचं नाव फसवं आहे. हा आजार कसा सापडला, याचा इतिहास पाहिला की माकडाबद्दलचं आपलं मत बदलतं, म्हणून तो सविस्तर सांगतो.

सुरुवात आफ्रिकेतून : १९२७

गोष्ट सुरू होते पीतज्वरापासून, म्हणजे यलो फीव्हरपासून. डासांमुळे पसरणाऱ्या या तापाने आफ्रिकेत आणि अमेरिका खंडात हजारो माणसं मरत होती. प्रयोगशाळेत तो आजार कोणत्याही प्राण्याला होत नव्हता, त्यामुळे अभ्यास पुढे सरकत नव्हता. आफ्रिकेतली माकडं टोचूनही आजारी पडत नसत.

१९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत काम करणाऱ्या एड्रियन स्टोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असिबी नावाच्या एका रुग्णाचं रक्त भारतातल्या जातीच्या माकडाला टोचलं. हे ऱ्हीसस माकड, म्हणजे उत्तर भारतात सर्रास दिसणारं आखूड शेपटीचं माकड. ते आजारी पडलं आणि मेलं. पीतज्वर विषाणूमुळे होतो हे त्यातून सिद्ध झालं. स्टोक्स स्वतः त्याच वर्षी पीतज्वराने गेले. असिबीच्या रक्तातल्या त्या विषाणूपासूनच मॅक्स थायलर यांनी पुढे १९३७ मध्ये लस तयार केली. त्यांना १९५१ चं नोबेल मिळालं.

यात आपल्यासाठी एक महत्त्वाचा धडा होता. आफ्रिकेतली माकडं पिढ्यान्‌पिढ्या या विषाणूसोबत राहिली होती, ती तगत होती. भारतीय माकडाला त्याची ओळखच नव्हती, म्हणून ते मरत होतं. दक्षिण अमेरिकेतही तेच दिसतं. तिथली हाऊलर माकडं पीतज्वराने पटापट मरतात. कापुचिन माकडांना संसर्ग होतो, पण ती बरीचशी वाचतात. प्रत्येक जातीचं शरीर वेगळं. कोणतं माकड मरतं आणि कोणतं तगतं, हे माहीत असलं की जंगलातला मृत्यू वाचता येतो.

माकडांची निर्यात

त्याच काळात ऱ्हीसस माकड जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलं. तुमच्या रक्तगटाच्या कार्डावर 'बी पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं. त्यातलं 'पॉझिटिव्ह' म्हणजे आरएच पॉझिटिव्ह, आणि 'आरएच' ही अक्षरं या ऱ्हीसस माकडाच्या नावावरून आली. १९४० मध्ये लँडस्टायनर आणि वीनर यांनी या माकडाच्या रक्तावरून केलेल्या प्रयोगांची ती खूण आहे. १९५५ मध्ये साल्क यांची पोलिओची लस आली. ती माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणू वाढवून बनायची. मग भारतातून माकडांची निर्यात प्रचंड वाढली. जंगलातली आणि गावांतली माकडं घटत गेली. अखेर १९७८ मध्ये भारत सरकारने ही निर्यात बंद केली.

लाखो मुलांचे पाय त्या लसीने वाचवले, हे विसरता येणार नाही. पण या सगळ्या काळात माकड हे आपल्यासाठी एक साधन होतं. त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावलं ते एका जंगलाने.

क्यासनूरचं जंगल : १९५७

१९५२ मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांचा तो संयुक्त उपक्रम. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे करोनाच्या काळात सगळ्यांना माहीत झालेली 'एनआयव्ही', ती हीच.

१९५७ च्या उन्हाळ्यात तिथल्या डॉक्टरांना तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यातून बातमी मिळाली. क्यासनूर नावाच्या जंगलाजवळच्या गावांत माणसांना जोराचा ताप येत होता, काही दगावत होते, आणि त्याच जंगलात माकडंही मरून पडत होती.

शंका आली ती पीतज्वराची. भारतात तो कधीच आलेला नव्हता, पण त्याचे डास इथे होते आणि इथली माकडं त्याने मरू शकतात हे १९२७ पासून ठाऊक होतं. पीतज्वर देशात शिरला असता तर हाहाकार झाला असता. डॉ. टेलफर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांच्यासह पुण्याचं पथक तातडीने पोचलं. मेलेल्या माकडांच्या अवयवांतून आणि आजारी माणसांच्या रक्तातून एकच विषाणू मिळाला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे जवळचे नातलग होते रशियातल्या जंगलांत, आणि ते डासांमुळे नव्हे तर गोचिडींमुळे पसरत होते. क्यासनूरच्या गोचिडींतही तोच विषाणू सापडला. आजाराला नाव मिळालं 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज', आपल्या बोलीत माकडताप.

मग माकडाची भूमिका काय?

हा विषाणू जंगलातल्या गोचिडींमध्ये आणि उंदीर-चिचुंद्रीसारख्या लहान प्राण्यांमध्ये फिरत राहतो. काळ्या तोंडाचं वानर किंवा लाल तोंडाचं माकड झाडावरून खाली उतरलं की गोचीड त्याला चावते. मग त्याच्या रक्तात विषाणू खूप वाढतो आणि ते अनेकदा मरतं. मेलेल्या माकडाचं अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी खाली गळतात. त्या जागेच्या आसपास मग विषाणूवाल्या गोचिडी पसरतात आणि लाकूडफाट्याला आलेला माणूस तिथे सापडतो.

थोडक्यात, माकड आपल्यासारखंच या आजाराचं बळी आहे. त्याच्या नुसत्या जवळ असण्याने हा ताप येत नाही. एका माणसापासून दुसऱ्यालाही तो होत नाही.

माणसाचाही यात वाटा आहे. जंगल तुटलं, त्यात गुरं चरायला जाऊ लागली, आणि पूर्ण वाढलेल्या गोचिडींना गुरांचं रक्त मिळू लागलं. गोचिडी वाढल्या. माणसाला बहुतेकदा चावतं ते गोचिडीचं पिल्लू, मोहरीच्या दाण्याहून लहान. त्यांचा हंगाम डिसेंबर ते मे. आपल्याकडे मोहाची फुलं, करवंदं, सरपण यासाठी लोक जंगलात जातात, तोच काळ.

सिंधुदुर्गापर्यंत

कित्येक दशकं हा आजार शिमोगा आणि आसपासच्या भागातच होता. मग २०१२ मध्ये बंदीपूर, २०१३ मध्ये केरळमधलं वायनाड, २०१५ मध्ये गोव्यातला सत्तरी तालुका आणि २०१६ मध्ये आपला दोडामार्ग. सत्तरीत आणि दोडामार्गात काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याची मोठी झळ बसली. या आजारात १०० पैकी साधारण ३ ते ५ रुग्ण दगावतात. त्यावर खास औषध नाही, पण वेळेवर दाखल होऊन सलाईन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. जुनी लस फारशी परिणामकारक राहिली नाही.

अशा वेळी माकडाचा मृत्यू हा सर्वांत लवकर मिळणारा इशारा ठरतो. म्हणूनच माकडं हाकलून किंवा मारून काही साधत नाही. ब्राझीलमध्ये २०१७ च्या पीतज्वराच्या साथीत लोकांनी भीतीपोटी माकडं मारली. आजार डासांनी पसरत होता, पण पहारेकरीच मारला गेला.

आपल्या घाटातलं माकड, म्हणजे डोक्यावर टोपीसारखे केस असलेलं लांब शेपटीचं बॉनेट माकड, फक्त दक्षिण भारतात सापडतं. त्याची उत्तरेकडची हद्द आपल्याच पट्ट्यात येते. कर्नाटकात म्हैसूर भागातल्या रस्त्यांवर झालेल्या मोजणीत २५ वर्षांत ही माकडं ६५ टक्क्यांहून अधिक घटलेली दिसली. रस्ता रुंद करताना वड-पिंपळ तोडले गेले, हे त्याचं एक मोठं कारण. उत्तरेकडचं ऱ्हीसस माकडही आता त्याच्या मुलखात सरकतंय. रस्त्यावर भरपूर दिसतं म्हणून ते भरपूर आहे, असं समजू नका.

एवढं लक्षात ठेवा

• माकडांना खायला देऊ नका. त्याने ती रस्त्यावर येतात, गाडीखाली मरतात आणि चावतात.

• माकड चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा.

• जंगलात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, ओढून टाकू नका. बहुतेक वेळा कारण गाडीची धडक किंवा विजेची तार असते, पण ते ठरवणं तपासणाऱ्यांचं काम. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा आणि आशाताईंना सांगा. थोड्या दिवसांत दोन-तीन मेलेली दिसली तर अजिबात उशीर करू नका.

• जंगलातून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंघोळ करा, काखा, जांघा, कानामागे गोचीड आहे का पाहा.

• अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी, डोळे लाल होणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं, अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारता सांगा : गेल्या पंधरवड्यात जंगलात गेलो होतो का, आणि तिथे मेलेलं माकड दिसलं होतं का. १९५७ मध्ये पुण्याच्या डॉक्टरांना याच दोन गोष्टींनी वाट दाखवली होती.